पीएम-किसानची वसुली नोटीस आली तेव्हा: कोणी भरायचं, किती भरायचं, कुठे अडायचं

लाडकी बहीण योजनेतल्या नावांची पडताळणी सुरू झाल्यापासून आमच्या भागात एकच प्रश्न फिरतोय. मिळालेले पैसे सरकार परत मागेल का, आणि मागितले तर द्यायचे का? वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या घरी हा प्रश्न २०२० च्या शेवटी पीएम-किसानच्या, म्हणजे शेतकऱ्याला दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत वर्षाला सहा हजार देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या, रूपाने येऊन गेला. एकाच घरात दोन नोटिसा होत्या, एक मोठेबाबांच्या (बाबांच्या थोरल्या भावाच्या) नावाची आणि एक बाबांच्या. दोन्हीवर रक्कम तीच, १२,००० रुपये, आणि कारणही तेच, ‘आयकरदाता’. पण एक नोटीस बऱ्याच अंशी बरोबर होती आणि दुसरी पूर्ण चुकीची. दोन्हीचं पुढे काय झालं ते क्रमाने लिहितो, कारण कागद हातात पडला की आधी काय करायचं हेच कोणी सांगत नाही.

योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरली गेली आणि पहिला हप्ता फेब्रुवारी २०१९ मध्ये पडायला लागला. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतची अट होती, जून २०१९ पासून ती निघाली. गावात याद्या झाल्या त्या ८-अ वरून, म्हणजे जमिनीच्या खातेउताऱ्यावरून, घाईघाईत. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी आधार, पासबुक गोळा केलं आणि एका छापील स्वयंघोषणापत्रावर सह्या घेतल्या. कोण अपात्र ते त्या योजनेतच लिहिलेलं आहे. मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरलेला, सरकारी किंवा स्थानिक संस्थेतला नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), महिन्याला १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा, नोंदणी करून व्यवसाय करणारा डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, आणि आजी-माजी आमदार-खासदार वगैरे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (अठराच्या आतली) मुलं. त्यामुळे जमीन बायकोच्या नावावर आणि नवरा शिक्षक असेल तरी घर बाद होतं. वसुलीतल्या कितीतरी भांडणांचं मूळ इथेच आहे.

नोटिशीवर तारीख २३ नोव्हेंबर २०२० ची होती, कोतवालाने आणून दिली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मजकूर असा की सहा हप्त्यांचे १२,००० रुपये सात दिवसांत तहसील कार्यालयात जमा करा, अन्यथा जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली केली जाईल. पोच देताना सहीखाली त्या दिवसाची तारीख घालायची. सात दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजले तर कागद हातात पडायच्या आधीच संपलेले असतात.

घरात काय झालं असेल ते कोणाही शेतकऱ्याला सांगायला नको. त्या वर्षी सोयाबीन पावसानं गेलं होतं, कपाशीला बोंडसड आणि वर गुलाबी बोंडअळी. सरकारी कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ५,८२५ होता, म्हणजे नोटिशीची रक्कम दोन क्विंटल कापसाहून थोडी जास्त. पण पैशापेक्षा झोंबली ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेली यादी. आई बाबांना म्हणाली, “काऊन जी, चोरी केली का आपण?” याद्या अशा चारचौघांत लावायच्या आणि ‘अपात्र’ एवढाच शब्द लिहायचा, याचं कारण मला अजून समजलेलं नाही. खोटं बोललेला आणि सरकारनेच चुकून टाकलेला, दोघांची नावं एकाखाली एक.

‘जमीन महसुलाप्रमाणे वसुली’ या शब्दांनी माणूस घाबरतो, म्हणून एवढं आधीच सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये वसुलीच्या पायऱ्या आहेत. आधी मागणीची नोटीस, मग जप्ती, मग विक्री. पहिल्या कागदावर उद्या कोणी बैलजोडी सोडून नेत नाही. मात्र नोटीस घेऊन गप्प बसलं तर सात-बाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढण्याची भीती उरतेच, आणि पुढे पीककर्जाच्या वेळी तो बोजा आडवा येतो. म्हणून भरायचं असो की भांडायचं, लेखी काहीतरी मुदतीत द्यायलाच पाहिजे.

पहिलं काम म्हणजे नोटिशीतले हप्ते आपल्या पासबुकाशी जुळवणं. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर लाभार्थी स्थितीत प्रत्येक हप्त्याची तारीख, बँक आणि यूटीआर (त्या बँक व्यवहाराचा) क्रमांक दिसतो. तो छापून घ्या, गावच्या केंद्रावर दहा-वीस रुपयांत होतं. शेजारच्या एका शेतकऱ्याला सहा हप्त्यांची नोटीस होती, प्रत्यक्षात चारच पडले होते. बाकीचे दोन व्यवहार आधारची जोडणी तुटल्यामुळे परत गेलेले. तेवढी रक्कम तिथल्या तिथे कमी झाली. आणखी एकाचे हप्ते थकीत पीककर्जाच्या खात्यात वळते झाले होते. हातात दमडी आली नाही तरी वसुली त्याच्याच नावाने, कारण त्याचं तेवढं कर्ज फिटलं असं धरतात. ऐकायला कडू आहे, पण हिशेबाने बरोबर आहे.

आता मोठेबाबांची नोटीस. त्यांचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. सन २०१८-१९ च्या उत्पन्नावर, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०१९-२० साठी, त्यांना पहिल्यांदा कर बसला. विवरणपत्र आणि कर दोन्ही ऑगस्ट २०१९ मध्ये, मुदतीच्या आत. त्याआधीची विवरणपत्रं शून्य कराची. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, “सही माहीच आहे. आठ हजार माह्या अंगावर, ते भरतो. पण पहिले चार हजार कायचे मांगते हे?”

मुद्दा नेमका हाच आहे, आणि त्याचं उत्तर तहसीलमध्ये कोणी दिलं नाही. अट ‘मागच्या कर निर्धारण वर्षात कर भरलेला’ अशी आहे. फेब्रुवारी ते जुलै २०१९ मध्ये पडलेल्या दोन हप्त्यांच्या वेळी त्यांनी कुठलाच कर भरलेला नव्हता. तेव्हा ते पात्रच होते. माझं मत विचाराल तर परतफेडीची कसोटी एकच असायला हवी, हप्ता पडला त्या दिवशी माणूस पात्र होता की नव्हता. पात्र नसताना, माहीत असून घेतलं असेल तर परत करायचं, त्यात कुरकुर नको. पण तेव्हा पात्र होता आणि पुढे दुकान चाललं, पोरगा नोकरीला लागला, म्हणून मागची मदत परत मागणं म्हणजे मदतीला कर्ज ठरवणं झालं. संजय गांधी निराधारचं अनुदान घेणाऱ्या बाईचा मुलगा चार वर्षांनी कमावता झाला तर तिचं पुढचं अनुदान थांबवा, मागचं कशाच्या आधारावर मागणार? आणि मागचे पैसे परत द्यावे लागतील हे एकदा गावात पसरलं की परिस्थिती सुधारली असं कोणी कळवणारच नाही.

मोठेबाबांनी पूर्ण १२,००० भरले आणि चार हजारांसाठी वेगळा अर्ज दिला. तसं करायची गरज होती का? त्यांना दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण डोक्यावर होतं, वाद नको होता. ज्याला घाई नाही त्याने निर्विवाद रक्कम भरावी आणि उरलेल्या रकमेबद्दल आक्षेप त्याच दिवशी आवक-जावकला द्यावा.

भरण्याची रीत तेव्हा अशी होती. तहसीलमध्ये नाझरकडे (पैशाचा हिशेब सांभाळणाऱ्या कारकुनाकडे) रोख, धनादेश किंवा डिमांड ड्राफ्ट. आम्ही ड्राफ्ट केला, पन्नासेक रुपये कमिशन गेलं, पण क्रमांक हातात राहिला. ड्राफ्ट कोणाच्या नावाने काढायचा ते नोटिशीत लिहिलेलं असतं, अक्षर न् अक्षर तेच बँकेत सांगायचं. ‘तहसीलदार’ नंतर कंसात काही असेल तर तेही, नाहीतर ड्राफ्ट परत येतो आणि तो रद्द करायला पुन्हा पैसे. पावतीवर चार गोष्टी बघून घ्यायच्या, योजनेचं नाव, लाभार्थ्याचा नोंदणी क्रमांक, हप्ते कोणते आणि रक्कम. आमच्या पावतीवर आधी नुसतं ‘संकीर्ण जमा’ लिहिलं होतं. तसंच घेऊन आलो असतो तर ते पैसे पीएम-किसानचे होते हे पुढे कोणाला पटवता आलं नसतं. काउंटरवरून हलायच्या आधी दुरुस्ती करून घ्या.

आता ऑनलाइन परताव्याची सोयही आहे. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर फार्मर्स कॉर्नरमध्ये ‘रिफंड ऑनलाइन’ आहे. तिथे दोन पर्याय दिसतात, आधीच पैसे भरले असतील तर तपासण्याचा आणि भरले नसतील तर आता भरण्याचा. आधार, खाते किंवा मोबाइल क्रमांक टाकला की तुमच्या नावावर परतावा निघतो का ते कळतं. काही निघत नसेल तर तसा इंग्रजी संदेश येतो. त्याचा फोटो तारखेसह ठेवा, नोटीस चुकीची असेल तर तोही एक पुरावा. मात्र तहसीलमध्ये भरलेले पैसे कार्यालयाने नोंद चढवल्याशिवाय तिथे दिसत नाहीत, आणि ती नोंद चढायला महिने लागू शकतात. दिसत नाही म्हणून घाबरून दुसऱ्यांदा भरू नका.

बाबांचं प्रकरण जास्त किचकट, आणि विदर्भात अशी घरं पुष्कळ असावीत म्हणून सविस्तर सांगतो. समृद्धी महामार्गात आमची दीड एकर गेली. मोबदल्यातले आठ लाख बाबांनी बँकेत मुदत ठेवीत टाकले. ६.७५ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५४,०००. साठीच्या आतल्या माणसासाठी तेव्हा १०,००० च्या वर व्याज गेलं की बँक व्याजातूनच दहा टक्के आयकर, म्हणजे टीडीएस, कापायची, तसे ५,४०० कापले. एकूण करपात्र उत्पन्न अडीच लाखांच्या कितीतरी खाली, म्हणजे कर शून्य. कापलेले पैसे परत मिळवायला विवरणपत्र भरलं आणि ५,४०० परत आले. झालं एवढंच. पण पॅन आणि आधार जोडलेले, विवरणपत्र दाखल, टीडीएसची नोंद, आणि यादीत शिक्का ‘आयकरदाता’.

विवरणपत्र भरणं म्हणजे कर भरणं नव्हे. हे एक वाक्य पटवायला आमचा हिवाळा गेला. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता, पण त्याचं उत्तर ठरलेलं, “यादी वरून आली भाऊ, आमच्या हातात काहीच नाही.” २६एएस (आपल्या पॅनवर कापलेल्या-भरलेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा) दाखवला तर तो टीडीएसच्या आकड्यावर बोट ठेवायचा, कर कापला म्हणजे भरलाच ना! म्हणून २६एएस एकटा कधीच नेऊ नका. त्याच्यासोबत आयकर खात्याचं कलम १४३(१) खालचं सूचनापत्र हवं. ते ईमेलवर आलेलं असतं. फाइल उघडायचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान इंग्रजी अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारखेचे आठ आकडे. त्यात एकूण देय कर शून्य आणि परतावा ५,४०० हे दोन आकडे असतात. त्यांच्याखाली पेनाने रेघ मारून द्या. पूर्ण सूचनापत्र कोणी वाचत नाही.

अर्ज एका पानाचा ठेवला. मजकूर साधारण असा: ‘माझ्या पॅनवर कर निर्धारण वर्ष २०१९-२० मध्ये देय कर शून्य असून बँकेने कापलेली रक्कम मला पूर्ण परत मिळालेली आहे. मी योजनेच्या अपात्रतेच्या कोणत्याही निकषात बसत नाही. सबब वसुलीची नोटीस रद्द करावी व थांबवलेले हप्ते सुरू करावेत.’ सोबत विवरणपत्राची पोच, सूचनापत्र, २६एएस, परतावा जमा झाल्याचं पासबुकाचं पान, ८-अ, आधार, नोटिशीची प्रत. दोन संच. एकावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन घरी आणायचा. खिडकीवर घ्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. प्रतिज्ञापत्र मागितलं तर ते साध्या कागदावर चालतं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि तेही २००४ पासून. तरी तहसीलसमोरची टेबलं तुम्हाला स्टॅम्प घ्यायला लावतील. त्यांचंही पोट आहे, पण आपण ते पैसे देण्याचं कारण नाही.

अर्ज डिसेंबरात दिला आणि गाडी थांबली. १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीचं मतदान होतं, तलाठ्यापासून नायब तहसीलदारांपर्यंत सगळे त्या कामात. दरम्यान २५ डिसेंबरला सातवा हप्ता सगळ्यांना पडला, बाबांना नाही. फेब्रुवारीत शेजारच्या अमरावतीपासून कोरोनाची दुसरी लाट उसळली आणि कार्यालयं पुन्हा अर्ध्या माणसांवर आली. तलाठ्याचा चौकशी अहवाल मार्चमध्ये गेला. अहवाल गेला का, जावक क्रमांक काय, हे विचारत राहणं एवढंच आपल्या हातात असतं. पण ते विचारलं नाही तर अहवाल टेबलावरच राहतो. तहसीलमधून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला, आणि मग संकेतस्थळावरचा शिक्का निघतो. मे महिन्यातला आठवा हप्ताही हुकला. ९ ऑगस्ट २०२१ चा नववा आला, मागचे दोन त्यानंतर जमा झाले. वसुलीची नोटीस रद्द केल्याचं पत्र मात्र मागून घ्यावं लागलं, आपणहून कोणी दिलं नाही.

त्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, तेव्हाचे कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी संसदेत सांगितलं की देशभरात ४२ लाखांहून जास्त अपात्र शेतकऱ्यांना सुमारे ३,००० कोटी रुपये गेले. आकडा ऐकून टीव्हीवर लबाड शेतकऱ्यांची चर्चा रंगली. त्यात बाबांसारखे किती होते हे कोणी विचारलं नाही. सरकारी नोकरांना चुकून जास्त पगार गेला तर काय करायचं यावर सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा रफीक मसीह निकाल आहे. तृतीय-चतुर्थ श्रेणीतले, निवृत्त झालेले, पाच वर्षांहून जुनी चूक, अशांकडून वसुली नको असं त्यात म्हटलंय. तो निकाल नोकरांपुरता आहे, पीएम-किसानच्या अर्जात तो टाकून उपयोग नाही. पण कारकुनाला लागू पडणारी दया कोरडवाहूवाल्याला का नाही, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मोठेबाबांच्या चार हजारांच्या अर्जाला उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी माहिती अधिकारात विचारलं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रश्न असा होता: माझं नाव कोणत्या कर निर्धारण वर्षाच्या माहितीवरून अपात्र ठरलं आणि वसुलीचे हप्ते कोणत्या नियमाने मोजले? उत्तर मुदतीत आलं. सोबत यादीच्या पानाची प्रत, आणि त्यात कर निर्धारण वर्षाचा रकानाच नाही. नाव, नोंदणी क्रमांक, कारण, हप्ते, रक्कम, संपलं. त्यामुळे चार हजार तिथेच आहेत.

अशीच यादी कुणाकडे आली तर आणखी दोन गोष्टी बघा. घरातला लाभार्थी वारला असेल तर मृत्यूचा दाखला लगेच द्या, मृत्यूनंतर पडलेले हप्ते वारसांकडून मागतात आणि ते बरोबरही आहे. त्याआधीचे मात्र त्याचे स्वतःचे. आणि राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी पीएम-किसानच्याच यादीवर चालते, तिथे शिक्का बसला की दोन्ही थांबतात. आता हे काम महसूलकडून कृषी विभागाकडे गेलंय, त्यामुळे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अर्ज द्या. जुनी वसुलीची पावती तहसीलची असेल तर तीच दाखवावी लागते.

ठेव असेल तर दर एप्रिलला बँकेत ‘टीडीएस कापू नका’ असं सांगणारा स्वयंघोषणेचा फॉर्म द्या (२०२५-२६ पर्यंत तो १५जी होता, साठीच्या वर १५एच). टीडीएसच कापला नाही तर परताव्यासाठी विवरणपत्र भरावं लागत नाही आणि शिक्क्याचं कारणही उरत नाही. बँका हे आपणहून सांगत नाहीत, आणि मागच्या वर्षीचा फॉर्म पुढच्या वर्षाला चालत नाही.

२०२२ मध्ये मोठेबाबांना त्याच १२,००० ची नोटीस पुन्हा आली, स्मरणपत्र म्हणून. नोंद चढलीच नव्हती. त्यांनी मूळ पावती दाखवली, झेरॉक्स दिली आणि त्या झेरॉक्सच्या दुसऱ्या प्रतीवर ‘मूळ पावती पाहिली, रक्कम वसूल’ असं लिहून सही-शिक्का घेतला. मूळ पावती कोणी ठेवून घ्यायला मागितली तर देऊ नका.